हार्बर क्लबची काळी गोळी

हेडली ट्रुस्कॉटचा हात मनगटापर्यंत पेटीत गेला होता आणि बोटांना काळी गोळी लागली होती. ती उचलायची आणि मागच्या भोकात सोडायची, एवढंच काम. पेटीत पांढऱ्या गोळ्या होकाराच्या, काळ्या नकाराच्या. पेटी तीन बाजूंनी बंद. कुणी कोणती टाकली, ते टाकणारा जाणे आणि देव जाणे. बावीस सभासदांपैकी एकाने जरी काळी टाकली, तरी उमेदवाराला क्लबचा दरवाजा जन्मभर बंद. मताच्या कागदाला इंग्रज ‘बॅलट’ म्हणतात, तो शब्दसुद्धा मुळात असल्याच चिमुकल्या गोळीवरून आलेला. बाहेर वेस्ट इंडीजमधल्या या ग्रेनाडा बेटावर या वर्षी पहिल्यांदाच सगळ्यांना मत मिळालं होतं, जायफळं वेचणाऱ्या बायकांनासुद्धा, आणि ते कागदावर फुली मारून द्यायचं होतं. हार्बर क्लबात मात्र अजून गोळ्याच चालत होत्या.

उमेदवार होता डॉक्टर एव्हरार्ड नोएल. एडिंबरोला शिकलेला, बेटावरचा सगळ्यांत चांगला सर्जन, आणि काळा. साठ वर्षांत काळा माणूस क्लबच्या व्हरांड्यात आला होता तो फक्त ट्रे घेऊन. पण जग बदलतंय, असं गव्हर्नरसाहेब दोनदा म्हणाले. गव्हर्नर दोनदा म्हणाला की तो हुकूमच. सेक्रेटरी म्हणून नाव मांडायची पाळी हेडलीवर आली आणि त्याने ते हसत मांडलं. पडणाऱ्याचं नाव मांडायला आपलं काय जातं? डॉक्टरचा होकार तर दुसऱ्याच दिवशी आला. बेटाच्या निवडणुकीला उभा राहिलेला माणूस, त्याला गोऱ्यांच्या क्लबात यायचं सुचतं तरी कसं, असं हेडलीला वाटून गेलं.

अडचण होती ती घरची. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बायकोला, मॉडला, याच डॉक्टरने विषमज्वरातून ओढून काढलं होतं. आज न्याहारीला बसल्या बसल्या तिने चहाच्या किटलीशेजारी बायबल आणून ठेवलं.

“हात ठेव. पांढरीच टाकीन म्हण.”

“अगं, टाकतो म्हटलं ना!”

“म्हटलं नकोय. म्हण.”

हेडली खोटं बोलायला कचरत नसे, पण बायबलवर हात ठेवून खोटं बोलायची त्याची छाती नव्हती. आणि सकाळी हात ठेवून तो तसं म्हणून बसला होता. आता पेटीत हात तसाच ठेवून त्याने मान वळवली. भिंतीशी मेजर कोल्थर्स्ट बसले होते. वंशावळ पाहिल्याशिवाय कुत्र्यालाही हाडूक न टाकणारा माणूस. हा असताना आपण कशाला पापाचे धनी व्हायचं? साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. हेडलीने काळी गोळी सोडून दिली, पांढरी उचलली आणि भोकात टाकली.

शेवटचे मेजर उठले. त्यांनी हात घातला, काढला, घसा खाकरला. हेडलीने मागचा खण ओढला.

खण पांढराशुभ्र होता. त्याने बोटाने गोळ्या सारून पाहिल्या. खाली एखादी काळी दडली असेल, या आशेने पुन्हा पाहिल्या. बावीसच्या बावीस पांढऱ्या. खोलीतला प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता. मग कुणीतरी टाळी वाजवली. त्यामुळे सगळ्यांनाच वाजवावी लागली.

मेजरनी हेडलीला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं. “गाढवा, तू काळी टाकली नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही आहातच.”

“मी गव्हर्नरांना शब्द दिला होता! आणि मला वाटलं, तू आहेसच.”

साठ वर्षांचा क्लब एका दुपारीत बुडाला, आणि बुडवणारा कोण म्हणाल, तर कुणीच नाही. हेडलीला रडूच यायचं बाकी होतं. पण निवडीचं पत्र उमेदवाराला पोचवायचं काम सेक्रेटरीचं. चेहऱ्यावर हसू ताणून तो चारच्या सुमाराला डॉक्टरच्या दवाखान्यात पोचला. दवाखाना बाजाराच्या चौकावर. समोर खोकी रचून व्यासपीठ उभं केलं होतं, कर्णा बांधत होते, आणि भाजीवाल्या बायका टोपल्या पालथ्या घालून आताच जागा धरून बसल्या होत्या. पाच वाजता डॉक्टरची प्रचारसभा होती.

डॉक्टर पांढरा सूट घालून तयार होता. हातात भाषणाचे कागद.

“या, ट्रुस्कॉट! तुमचीच वाट पाहतोय. आणि हे बघा, ओशाळं व्हायचं कारण नाही. मी मनाला लावून घेणार नाही.”

“मनाला कसलं लावून घेता? अभिनंदन, डॉक्टर! तुम्ही आमचे सभासद झालात.”

डॉक्टरने पत्र वाचलं. उलटून पाहिलं, पुन्हा वाचलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आनंदाने माणसाचं असंही होतं, असं हेडली स्वतःला समजावत होता.

“एकही काळी नाही?”

“एकही नाही.”

“कोल्थर्स्टची पण पांढरी?”

“त्यांची पण.”

डॉक्टर खुर्चीत बसला. भाषणाचे कागद त्याच्या मांडीवरून घसरून जमिनीवर पसरले, ते त्याने उचललेही नाहीत.

“माझ्याविरुद्ध उभा असलेला तो युनियनवाला महिनाभर गावोगाव सांगत हिंडतोय, डॉक्टर म्हणजे गोऱ्यांच्या ताटाखालचं मांजर. आज तासाभरात मी या लोकांना सांगणार होतो, की गोऱ्यांनी मला उंबऱ्यावरूनच हाकलून दिलं. त्यावर निवडून येणार होतो मी. आता सभासद व्हायला नकार दिला, तरी म्हणतील नाटक करतोय.” त्याने हेडलीकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग कमी, दुःखच जास्त होतं. “उभ्या आयुष्यात तुम्हा लोकांवर एवढ्या एकाच बाबतीत डोळे मिटून विश्वास टाकला, ट्रुस्कॉट. तिथेही तुम्ही दगा दिलात.”