जहाजाचं हशील

"आज आतलं वाचा," बायको म्हणाली.

पलंगाशेजारी बसून तो पाकिटं चाळत होता. जहाजांनी आलेली जुनी पत्रं जमवण्यात त्याचा जन्म गेला. कुठलं बंदर, कुठलं जहाज, टपालाचं हशील किती, शिक्का बघून तो झोपेतही सांगायचा. आतल्या मजकुराशी मात्र त्याला देणंघेणं नव्हतं. "दुसऱ्यांच्या बायकांची पत्रं," असं म्हणून ती चिडवायची. आता महिनाभर ती अंथरुणाला खिळली होती. घरी घेऊन जा, यापलीकडे डॉक्टर काही बोलले नव्हते.

"अगं, आत काय असणार? खुशाली."

"तीच ऐकायचीय. शिक्के पुरे झाले." तिनं ढिगातल्या एका पत्रावर बोट ठेवलं. "हे."

नेमकं तेच. त्यानं शेजारचं पाकीट उचललं.

"दुसरं घेऊ या का?"

"हेच."

लाखेची मोहोर केव्हाच कुणीतरी फोडलेली होती. त्यानं घडी उलगडली. पत्र एका जहाजावरच्या सुतारानं बायकोला लिहिलं होतं. तो सावकाश वाचू लागला.

"सहा महिने पाण्याशिवाय काही पाहिलं नाही. जहाज डुलतं, रंधा सरळ चालत नाही, तरी पाळण्याच्या चारही दांड्या झाल्या. पत्र घेताना हशील तुलाच भरावं लागेल, रागावू नकोस. मुलगा की मुलगी, एका ओळीत कळव. जिवाला जप."



"मिळालं ना हो तिला?"

त्यानं पत्र उलटलं. पत्त्याशेजारी हशिलाचा आकडा होता, आठ. चार जहाजाचे, चार पुढच्या घोडागाडीचे. त्यावर लाल शाईची रेघ मारलेली, आणि खाली टपालवाल्याचं बारीक अक्षर: घेणारी बाळंतपणात गेली, मूलही. हशील रद्द. परत.

संग्राहकांच्या बैठकांत हीच रेघ तो मिरवायचा. "रद्द हशील! लाखात एक!" लोक भिंग लावून बघायचे आणि त्याची छाती फुगायची.

"मिळालं," तो म्हणाला.

"मग? काय झालं तिला?"

"मुलगी."

"दोघी बऱ्या होत्या?"

"ठणठणीत." त्यानं पत्र मांडीवर पालथं घातलं.

तिनं डोळे मिटले. झोप लागली असं त्याला वाटलं, तेवढ्यात ती पुटपुटली, "नाव काय ठेवलं?"

उभ्या आयुष्यात त्यानं पुराव्याशिवाय एक तारीख लिहिली नव्हती. तो नुसताच तिच्या हातावरून हात फिरवत राहिला.

"तूच सांग," शेवटी तो म्हणाला.

तिनं नाव सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी दोघांनी रात्ररात्र जागून ठरवलेलं, आणि मग ज्या नावानं त्या घरात कुणाला कधीच हाक मारली गेली नाही, ते.