बिल्ला क्रमांक ४१

"बिल्ला कायले लपवून राह्यले?" मथुराबाईनं विचारलं.

पंजाबराव नगराळ्यांनी दंडावरचा पितळी बिल्ला पिठाच्या डब्यात खोल खुपसला आणि झाकण दाबलं. "पोलीस येनार हाये. राजदीपच्या चौकशीले."

"मंग? चोरीचा हाये का तो? तीस वर्सं मिरवला."

"तुले नाही समजत. जाय तू वेचायले."

"पोरगा लढाईचं इमान बनवनार अन बाप पिठात लपनार," असं पुटपुटत ती कापूस वेचायला गेली.

राजदीप त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात इंजिनिअर झाला आणि लढाऊ विमानं बनवणाऱ्या बंगळुरूच्या कंपनीत त्याची निवड झाली. विमानातल्या कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचं काम. "एक आकडा चुकला, बाबा, तं विमान खाली येते," असं त्यानं सांगितलं होतं. पण रुजू होण्याआधी महागावात घरी येऊन पोलीस चौकशी करणार होते. ती नीट झाली तरच नोकरी.

पंजाबरावांना भीती स्वतःचीच होती. दोन वर्षांपूर्वी ते लाडवांचा डबा घेऊन पुण्याला हॉस्टेलवर गेले होते. अंगात कामाचाच सदरा, दंडावर बिल्ला. खोलीतल्या मुलानं विचारलं, हे कोण? राजदीप खाली बघत म्हणाला, "गावाकडचे शेजारी. बाबा कापसाचे व्यापारी आहेत, त्यांना वेळ नसतो."

"हो, मी शेजारचा," म्हणत पंजाबरावांनी डबा ठेवला आणि आल्या पावली एसटी धरली.

तो विषय पुन्हा निघाला नाही. दिवाळीला स्टँडवर राजदीप म्हणाला होता, "बाबा, एक बोलायचं होतं." यांनी तोडलं, "बस सुटन तुही."

आणि गेल्या आठवड्यात गावातल्या दुकानाच्या फोनवर त्यानं अचानक विचारलं, "तुमच्या बिल्ल्याचा नंबर काय हाये?" एक्केचाळीस, यांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांना उमगलं, पोराला या बिल्ल्याचीच धास्ती आहे.

त्याच बिल्ल्यावर राजदीप चौथीत असताना बापाचं बोट धरून अक्षरं गिरवून घ्यायचा. त्यातून त्यांना बिल्ल्यावरचा तेवढा एक शब्द आणि आकडा वाचता यायला लागला आणि स्वतःचं नाव लिहिता यायला लागलं. पुढचं राहून गेलं.

दुपारी पोलीस ठाण्यातले रामसिंग जमादार आले. उमरखेडहून नुकतीच बदली झालेली, गावात कोणाची ओळख नाही. पंजाबराव इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते.

"पंजाबराव नगराळे इथंच राह्यते का?"

"इथंच जी. पन ते यवतमाळले गेले. कापसाचा व्यापार हाये त्याईचा."

"अन तुमी?"

"मी शेजारचा." पुण्यात एकदा म्हटलेला शब्द दुसऱ्यांदा सहज निघाला. मान तेवढी खाली गेली.

जमादारांचा पेन थबकला. "व्यापार? पक्कं? या वर्साले तं कापसाचा व्यापारी हसताना नाही दिसला मले."

"पक्कं जी."

"पाहा बरं काका. लढाईच्या विमानाचं काम हाये. घरच्या माहितीत एक अक्षर खोटं निघालं तं पोराची नोकरी गेली."

"आमी कायले खोटं सांगू?"

"पोरगा कसा हाये?"

"सोनं हाये जी."

"बापाले मान देते?"

"लय."

जमादारांनी सगळं उतरवून कागद पुढे केला. "करा सही. का अंगठा देता?"

अंगठा दिला असता तर बरं झालं असतं. पण अंगठ्याचीही लाज वाटली. त्यांनी पेन घेतला, जीभ दातांत धरून सावकाश अक्षरं काढली, वर सरळ रेघ ओढली. मग कागदाकडे पाहिलं. हाताला एकच नाव येत होतं.

जमादारांनी सही वाचली, "पंजाबराव नगराळे." मग त्यांनी राजदीपनं स्वतः भरलेला, ठाण्यात आलेला फॉर्म काढला, वडिलांच्या धंद्याची ओळ शोधली आणि तिच्यावर बोट ठेवून कागद त्यांच्याकडे फिरवला.

"वाचता येते?"

पंजाबराव वाकले. पोराचं अक्षर ओळखीचं होतं. पूर्ण ओळ त्यांना लागली नाही. पितळेवर फिरवावं तसं बोट फिरवत गेले, तेव्हा फक्त दोन गोष्टी वाचता आल्या.

हमाल. ४१.