हॅव यू एव्हर?

इंग्रजीच्या वर्गात मॅडमनी जोड्या लावल्या आणि मंदाकिनीताईंच्या समोर नेमके त्यांचेच यजमान दिगंबरराव येऊन बसले. लेकीकडे कॅनडाला जायचं म्हणून दोघांनी हा वर्ग लावला होता. पण रविवारी दिगंबरराव पाहुण्यांदेखत म्हणाले होते, "वांगी करावीत तर माझ्या बहिणीनंच!" तेव्हापासून मंदाकिनीताईंनी त्यांच्याशी बोलणंच सोडलं होतं.

फळ्यावर स्वयंपाकाचे शब्द होते. "आजवर काय केलंय आणि काय नाही, ते एकमेकांना विचारा. फक्त इंग्रजीत," मॅडम म्हणाल्या.

दिगंबररावांनी घसा खाकरला. "हॅव यू एव्हर बर्न्ट अ चपाती?"

"नेव्हर," मंदाकिनीताई फळ्याकडे बघत म्हणाल्या. मग त्यांची पाळी आली. "हॅव यू एव्हर चॉप्ड ॲन अनियन?"

"नो."

"हॅव यू एव्हर मेड टी फॉर मी?"

"नो."

"हॅव यू एव्हर सेड, 'मंदा, गुड कुकिंग'?"

आजूबाजूच्या जोड्या वळून बघू लागल्या. दिगंबररावांचे कान लाल झाले. मनातल्या मनात शब्द जुळवून ते हळूच म्हणाले, "आय हॅव ऑल्वेज लव्ड युवर वांगी. आय हॅव नेव्हर टोल्ड यू."

"वा! एकही चूक नाही!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

मंदाकिनीताईंना हसू आवरेना. तोंडाला पदर लावून त्या चक्क मराठीत म्हणाल्या, "अहो, मग हे मराठीत सांगायला काय झालं होतं?"