तीन माशांची ढाल

"सहाशे वर्षांचं सरदार घराणं आमचं, मेव्हण्या, तुमच्यासारखं डुक्करवाल्यांचं नव्हे!" चर्चच्या तळघरात उतरताना त्यूगभावोजी मला म्हणाले. घराण्यातला शेवटचा पुरुष वारला की त्याच्या शवपेटीवर कुळाची ढाल फोडायची, ही आमच्याकडच्या डॅनिश सरदारांची रीत. तळघरातल्या शेवटच्या पेटीतली ढाल फुटकी निघाली तर वंश केव्हाच बुडालेला आणि भावोजींची वंशावळ खोटी. कबरी राखणाऱ्या मारेनबाईंनी शेवटच्या पेटीचं झाकण सरकवलं. आत हाडं नव्हती. उशीवर धूळही नव्हती. फक्त तीन माशांची ढाल, अख्खी. "बघ! आमचा वंश चालू आहे!" भावोजींनी ती डोक्यावर नाचवली. "ठेवा ती खाली, सरदारसाहेब," मारेनबाई पुटपुटल्या, "ती कुणाची तरी वाट बघतेय." तेवढ्यात ढाल निसटली आणि पेटीच्या काठावर फुटली. तुकडे धरायला भावोजी वाकले आणि पेटीत पडले, ते उठलेच नाहीत. पेटी त्यांच्याच मापाची होती.