बाबलची राजवट

बाबलच्या लेकीचं लग्न झालं त्या साली त्याला दशावतारातली प्रधानकी बोचू लागली. वीस वर्षं राजा न्हानूअण्णांपुढे हात जोडले, ते आता जावयादेखत जोडायचे? त्याने कंपनीच्या मालकाला खोटंच सांगितलं, “अण्णा बहिरे झाले, मालकानू.” मालकाने मुकुट बाबलला दिला, न्हानूअण्णांना प्रधान केलं.

जत्रेत सासरेबुवा जावयाकडे बघत ऐटीत सिंहासनावर बसले. नवे प्रधान न्हानूअण्णा आत आले आणि, सवयीने की मुद्दाम देव जाणे, गरजले, “प्रधानजी, राज्याची खबर काय?”

बाबल ताडकन उठला, हात जोडून म्हणाला, “आज्ञा, महाराज!”

“उठतंस कित्याक? राजा तूच मां!” लोक ओरडले. जावई तर डोळे पुसत हसला.

अशी ती थोर राजवट आटोपली. न्हानूअण्णा पुढे नऊ वर्षं राजा होते. बाबल पाचव्या वर्षी, शिमग्यानंतरच्या सोमवारी, प्रधान म्हणूनच वारला.