सावळजचे मामा

खाली प्रिंटरने कागद ओढल्याचा आवाज तिसऱ्यांदा आला आणि तिसऱ्यांदाही जिन्याच्या पायरीवर काही आलं नाही. भार्गवी वरच्या कठड्यावरून वाकून बघत होती.

दिवाळीत माधवनगरच्या या घरात चुली दोन झाल्या. थोरला चिंतामण आणि चारुलता खाली, धाकटा अवधूत आणि भार्गवी वर. दोघी जावा आधी एका कॉम्प्युटरवर बसून लग्नपत्रिका जुळवायच्या, आता आपापल्या कॉम्प्युटरवर आपापल्या गिऱ्हाइकाच्या. प्रिंटरचे मात्र दोन भाग होईनात. तो खाली चारुलताच्या कॉम्प्युटरला राहिला आणि खिडकीतून एक वायर वर आली. चारुलताने आपला कॉम्प्युटर चालू ठेवायचा, भार्गवीने वरून छापायला पाठवायचं, निघालेला कागद चारुलताने पायरीवर आणून ठेवायचा आणि उडू नये म्हणून त्यावर बत्ता. दोघींत बोलणं नव्हतं. त्याची गरजही पडत नव्हती.

दारात प्रेसचा अश्फाक स्कूटर चालूच ठेवून उभा होता.

"वहिनी, बटर द्या की. मशीन तुमच्यासाठी मोकळं ठेवून आलोय. आता न्हाई दिलं तर कॅलेंडरचं काम चढतंय, मग आठवडाभर नाव काढू नका."

बटर म्हणजे बटर पेपरवर छापलेली पत्रिका. प्रेसमध्ये तिच्यावरूनच प्लेट होते. जतच्या बाळासोंच्या मुलीची ही पत्रिका भार्गवीचं एकटीचं पहिलं काम होतं. ते अडकलं, तर वरच्या मजल्यावर काम वेळेत होत नाही ही बातमी जतपर्यंत जायला एक एसटी पुरे होती.

कागद खाली निघतोय आणि पायरीवर येत नाही, याचा अर्थ एकच. भार्गवी जिना उतरू लागली. उतरता उतरता तिने वाक्यं जुळवली. वायर कापायची असेल तर सरळ कापा, हे पहिलं.

खाली कॉम्प्युटर चालू होता. प्रिंटरचा हिरवा दिवाही. चारुलता खुर्चीत बसली होती, मांडीवर तिन्ही बटर, हातात लाल पेन्सिल.

"ताई, माझे कागद."

"तीनदा पाठवलेस," चारुलता म्हणाली. "तिन्हींत मामा तोच आहे."

"कुठला मामा?"

"सावळजचा. गेल्या वर्षी कवठ्याच्या लग्नाची पत्रिका केली होती ना आपण, त्या नवरीचा. जतची पोरगीपण त्याचीच भाची का?"

भार्गवीने कागद घेतला. नवी पत्रिका कोरी कोण जुळवतं? जुनी उघडायची आणि एकेक नाव बदलत जायचं, दोघींची पहिल्यापासूनची पद्धत. नवरा बदलला होता, नवरी बदलली होती, मुहूर्त आणि मंडप बदलला होता. तळाशी सावळजचे मामा ठळक अक्षरांत तसेच उभे होते.

"एका भाचीला अंतरपाटापाशी नेऊन पोचवलं त्यानं, आता आपण दुसरी लावली त्याच्या मागं," चारुलता म्हणाली. "आणि खरा मामा मंडपात रुसून बसला की नवरीला मंडपात कोण आणणार? तू?"

भार्गवीच्या जवळ तयार असलेल्या वाक्यांपैकी एकही इथे चालणार नव्हतं.

"मग हाक मारायची होती," ती कशीबशी म्हणाली.

"मारणार होते. दोनदा उठून जिन्याकडे निघाले." चारुलताने पेन्सिल मांडीवर आपटली. "तोंड उघडेना. तोवर तू आणखी एक मामा धाडलास."

भार्गवीला हसू आलं. ते दाबायला गेली तर जास्तच आलं. मग चारुलतालाही हसू फुटलं. बाहेर अश्फाकने हॉर्न दिला.

"जा, पळ आधी. त्याला मी चहा देऊन बसवते. खरा मामा माहीत आहे ना?"

"धुळाप्पा. जतचेच."

भार्गवी दोन-दोन पायऱ्या टाकत वर गेली. सावळजचे मामा गेले, जतचे बसले. तिने सगळी नावं वरून खाली वाचली, पुन्हा खालून वर वाचली आणि पत्रिका पाठवली. खाली प्रिंटर घुमला, कागद ओढला गेला. सवयीने ती कठड्याशी येऊन पायरीकडे बघत उभी राहिली. पायरी रिकामीच होती.

मग जिन्याच्या तळातून चारुलताचा आवाज आला, थेट मंडपातल्या भटजींच्या सुरात.

"नवरीचे मामा आलेत. मुलीला खाली आणा."