पाण्याआधीचं वाक्य

पश्चिमेकडे तोंड करून युस्तोलिया सैतानावर थुंकली आणि रीतीप्रमाणे पूर्वेकडे वळली. आता बाप्तिस्म्याच्या कुंडात उतरायचं तेवढं बाकी होतं.

बाप्तिस्म्याने तोवरची जन्मभराची पापं धुतली जातात, म्हणून कप्पदोकियातले हिशेबी लोक तो म्हातारपणापर्यंत लांबवतात. तिनेही लांबवला. आता छातीतली गाठ वैद्याच्या हाताबाहेर गेली होती. युस्तोलिया द्राक्षं पिकेपर्यंत टिकेल, असं कुणालाच वाटत नव्हतं.

पण नव्या बिशपांनी रीतीत एक वाक्य घुसडलं होतं. सम्राटाच्या जोरावर आलेले हे गृहस्थ, जुन्या पाद्रीबाबांना डोंगरात हाकलून गादीवर बसलेले. ‘देव स्वतःला जेवढा जाणतो, तेवढाच मी त्याला जाणते’ असं म्हटल्याशिवाय ते कुणाला पाण्याला पाय लावू देत नसत.

वाक्य म्हणून टाका आणि मोकळ्या व्हा, असं शेजारी उभी असलेली चर्चची सेविका कुजबुजली.

“तुम्ही जाणता, बाबा?” युस्तोलियाने बिशपांना विचारलं.

“संपूर्ण.”

“धन्य आहे. माझा नवरा बाहेर खेचर धरून उभाय. अख्खा जन्म काढला त्याच्याबरोबर. काल तुमचं हे वाक्य कानावर आलं, तेव्हापासून तो माझ्याशी अवाक्षर बोललेला नाही. का, ते मला कळत नाही. आणि देवाचं सगळं कळलं म्हणून सांगू?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग पाणी मिळायचं नाही, असं बिशपांनी थंडपणे सांगितलं.

ती घाबरली. मरणाची भीती खरी होती आणि पाणी हातभरावर होतं. तिने पाण्याकडे डोळे भरून पाहिलं आणि ती पुन्हा पश्चिमेकडे वळली. सेविकेने कपाळाला हात लावला. बाई सैतानाकडे परत निघाली होती.

“थोडं राहिलं होतं,” युस्तोलिया म्हणाली आणि पुन्हा थुंकली. “हे तुमच्या वाक्यावर.”

मग ती अनवाणीच बाहेर आली.

तिचा नवरा झोतिकोस खेचराचा लगाम धरून उभा होता. खेचराचं तोंड घराकडे नव्हतं, डोंगराच्या वाटेकडे होतं. पाठीवर भाकरी, पाण्याची पखाल आणि बाप्तिस्म्यानंतर नेसायचं पांढरं वस्त्र बांधलेलं होतं.

“हे कधी बांधलंत?”

“कालच.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तू बाप्तिस्म्याविना मरशील या भीतीने ते वाक्य म्हण, अशी तुला गळ घातली असती,” तिला खेचरावर चढवत तो म्हणाला. “आणि तू म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक होतं.”